डकोटाचं आजोळ : सांता मोनिका विमानतळाबद्दल वाचकांचे प्रश्न

लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला, समुद्रापासून तीनेक किलोमीटरवर, सांता मोनिका शहराच्या मालकीचा २२७ एकरांचा विमानतळ आहे. एअरलाइनची विमानं इथे येत नाहीत. येतात ती शिकाऊ वैमानिकांची सेसना, हौशी लोकांची दोन-चार आसनी विमानं, काही टर्बोप्रॉप (जेटसारख्या इंजिनाने पंखा फिरवणारी) आणि थोडी जेट. अशा सगळ्या उड्डाणांना मिळून जनरल एव्हिएशन म्हणतात. धावपट्टी कापल्यावर इथली जेट कमी झाली आणि २०२८ संपल्यावर हा विमानतळ बंद करायची शहराला मुभा आहे, एवढं छोटं टिपण गेल्या अंकात होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

जागा शहराची, विमानतळ शहराचा. मग बंद करायला इतकी वर्षं कोर्टात का घालवावी लागली? (पुणे)

सातबारा शहराच्या नावावर आहे, पण इतर हक्कांच्या रकान्यात दिल्लीचं नाव चढलेलं आहे, असं समजा. इथे दिल्लीच्या जागी वॉशिंग्टन.

१९२६ मध्ये शहराने उद्यानासाठी रोखे काढून ही जमीन घेतली. तेव्हा तिथे विमानं उतरतच होती. पहिल्या महायुद्धात गेलेल्या ग्रेयर क्लोव्हर या वैमानिकाच्या नावाने जागेला क्लोव्हर फील्ड म्हणत. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, शहराने ती केंद्र सरकारला भाड्याने दिली, कारण धावपट्टीला लागून विमानं बनवणाऱ्या डग्लस कंपनीचा कारखाना होता. १९४८ मध्ये जागा परत करताना सरकारने हस्तांतरणाचा कागद केला. ही जागा कायम विमानतळ म्हणूनच चालवायची, असं त्यात लिहिलंय, हा केंद्रीय विमान प्रशासनाचा, म्हणजे एफएएचा, दावा.

दुसरी गाठ पैशाची. धावपट्टी, दिवे, कुंपण यांसाठी एफएएकडून अनुदान घेतलं की साधारण २० वर्षं विमानतळ चालू ठेवायची हमी द्यावी लागते. शहर आणि एफएए यांच्यातला १९८४ चा करार २०१५ ला संपत होता. पण २००३ मध्ये शहराने एका जुन्या अनुदानात थोडी वाढीव रक्कम घेतली होती. एफएएने तिकडे बोट दाखवलं आणि २०२३ पर्यंत सुटका नाही असा निकाल दिला. अनुदानाच्या मानाने ती रक्कम चिल्लर होती. नगरपालिकांच्या लेखा विभागांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

तिसरी गोष्ट आकाशाची. जमीन शहराची असली तरी वरून कोणतं विमान जावं हे शहर ठरवू शकत नाही. १९७० च्या दशकात शहराने जेट विमानांवर सरसकट बंदी घातली होती. १९७९ मध्ये कोर्टाने ती उडवली, पण रात्रीची बंदी आणि आवाजाची मर्यादा राहू दिली. मोठ्या, वेगवान जेटना रोखायचा २००८ चा ठरावही २०११ मध्ये अपिलात पडला. यातलं तत्त्व सोपं आहे. आवाज मोजा आणि सर्वांना एकच माप लावा, हे चालतं. ‘जेट नको’ असं म्हणणं चालत नाही.

शेवटी जानेवारी २०१७ मध्ये तडजोड झाली. ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत शहराने विमानतळ चालवायचा, पुढचं त्याने ठरवायचं, आणि दरम्यान धावपट्टी आखूड करायची मोकळीक. बंद झाल्यावर तिथे टोलेजंग इमारती उठतील ही भीती मात्र आधीच निकालात निघाली होती. २०१४ च्या मतदानात नागरिकांनी ठरवलं की विमानतळ बंद झाला तर जागा बाग, मोकळं मैदान, खेळ यांसाठीच. दुसरं काही करायचं तर पुन्हा मतदान. १९२६ चे रोखेही उद्यानाचेच होते. शंभर वर्षांनी गाडी मूळ फलाटावर येते आहे.

धावपट्टी थोडी कापली म्हणून जेट कमी झाली, हे पटत नाही. नेमकं गणित काय? (ठाणे)

धावपट्टी ४,९७३ फूट होती. डिसेंबर २०१७ मध्ये दोन्ही टोकं कापून ती ३,५०० फुटांवर आणली, म्हणजे १,५१६ मीटरवरून १,०६७ मीटर.

भाड्याने चालणाऱ्या जेटना अमेरिकी नियम असा की टोकावर ५० फूट उंचीवरून येऊन, उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्के लांबीत विमान पूर्ण थांबलं पाहिजे, आणि हे निघण्यापूर्वीच कागदावर सिद्ध हवं. उरलेली ४० टक्के म्हणजे चाक उशिरा टेकलं, मागून वारा आला, ब्रेक धरला नाही, यांची तरतूद. आता आकडे घाला. जुन्या लांबीचे ६० टक्के २,९८४ फूट होत. नव्या लांबीचे होतात २,१०० फूट, म्हणजे ६४० मीटर. पट्टी ओली असेल तर लागणाऱ्या लांबीत आणखी १५ टक्के धरायचे. मग हाती उरतात जेमतेम १,८२५ फूट. इतक्यात थांबणारी जेट फार थोडी. मालक स्वतःच्या कामासाठी विमान वापरत असेल तर ६० टक्क्यांचा नियम लागू नाही, पण विमा कंपनी प्रश्न विचारतेच.

उड्डाणाचंही तसंच. लांब जायचं तर टाक्या भरायच्या, टाक्या भरल्या की वजन वाढतं, वजन वाढलं की जास्त पट्टी लागते. इथून अर्ध्या टाकीवर उठून दुसरीकडे इंधन भरायला उतरायचं, तर खासगी जेटचा मतलबच संपला. पिलाटस पीसी-१२ सारख्या एक इंजिनाच्या टर्बोप्रॉपना मात्र एवढी पट्टी पुरते. सेसना १७२ तर त्यातल्या तिसऱ्या हिश्श्यात जमीन सोडते. त्यामुळे कात्री बरोबर तिथेच लागली जिथे शहराला हवी होती, आणि कायद्यात ‘जेट’ हा शब्द लिहावा लागला नाही.

माझे वडील टपाल खात्यात होते. रात्री नागपूरला चार दिशांची टपाल विमानं यायची, ती डकोटा असायची, असं सांगत. ती सांता मोनिकात बनलेली का? (नागपूर)

वडिलांची आठवण बरोबर आहे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून संध्याकाळनंतर विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगावला जमायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत जो तो आपल्या गावी. दिवसभराची पत्रं पेटीत पडल्यावर निघून दुसऱ्या सकाळी पोस्टमनच्या पिशवीत. ही सेवा १९७३ पर्यंत चालली.

आता माहेराचा प्रश्न. डकोटा हे डग्लस डीसी-३ चं लष्करी भावंड, सी-४७. डीसी-३ चा आराखडा सांता मोनिकात झाला आणि पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९३५ रोजी क्लोव्हर फील्डवरूनच. राइट बंधूंच्या उड्डाणाला त्या दिवशी बरोबर ३२ वर्षं होत होती, पण कोणाच्या ते डोक्यात नसावं, कारण त्या उड्डाणाचा फोटोच सापडत नाही. युद्धकाळात मात्र सी-४७ बनले मुख्यतः लाँग बीच आणि ओक्लाहोमा सिटीच्या कारखान्यांत. युद्ध संपल्यावर भारतात स्वस्तात विकली गेली ती ही विमानं. म्हणून सांता मोनिकाला त्यांचं माहेर म्हणण्यापेक्षा आजोळ म्हणावं.

एखादा डकोटा समोर असेल तर तपासता येतं. कॉकपिटजवळच्या धातूच्या पाटीवर किंवा जुन्या नोंदीत लष्करी प्रकाराच्या शेवटी दोन अक्षरं असतात. डीएल म्हणजे लाँग बीच, डीके म्हणजे ओक्लाहोमा सिटी, डीओ म्हणजे सांता मोनिका. सी-५३ हा सैनिक वाहणारा प्रकार सांता मोनिकात बनला, त्यामुळे डीओ मिळालंच तर बहुधा तिथे. मागच्या डाव्या बाजूला रुंद दुहेरी दार असेल तर सी-४७. दार एकच आणि लहान असेल तर डीसी-३ किंवा सी-५३. नंतर दारं बदललेलीही आढळतात, म्हणून पाटी पाहिल्याशिवाय पैज लावू नये.

नागपूरच्या टपालावर पुढे चार इंजिनांची स्कायमास्टरही आली. ती डीसी-४. तिचं पहिलं उड्डाणही क्लोव्हर फील्डवरचं, १४ फेब्रुवारी १९४२ चं. ती सांता मोनिकात आणि शिकागोजवळच्या ऑर्चर्ड प्लेस इथे बनत असे. शिकागोच्या ओहेअर विमानतळाचं सामान-चिठ्ठीवरचं ओआरडी हे नाव त्या ऑर्चर्डचं.

जुन्या डीसी-३ चं इंजिन सुरू करण्याआधी माणसं पंखा हाताने फिरवतात. स्टार्टर असताना हे कशाला? (नाशिक, अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

प्रश्न मोलाचा आहे, कारण हे चुकलं तर इंजिन त्या दिवशी नाही, काही तासांच्या उड्डाणानंतर दगा देतं.

डीसी-३ वर बहुतेक वेळा प्रॅट अँड व्हिटनीचं आर-१८३० इंजिन असतं. १४ सिलिंडर, सात-सातच्या दोन रांगांत, चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेले. आकारमान १,८३० घन इंच, म्हणजे ३० लिटर. ताकद सुमारे १,२०० अश्वशक्ती. प्रत्येक इंजिनाच्या तेलाच्या टाकीत ११० लिटरच्या आसपास तेल मावतं. तेल जाड, थंडीत काकवीसारखं.

विमान उभं राहिलं की तेल गुरुत्वाने खाली उतरतं. या इंजिनात ‘खाली’ म्हणजे उलटे लटकलेले सिलिंडर. पिस्टनच्या रिंगांतून आणि व्हॉल्व्हच्या वाटेने तेल झिरपून ज्वलनकक्षात साठतं. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. स्टार्टरने जोर लावला की पिस्टन वर येतो, तेलाला धडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रॉलिक लॉक म्हणतात. वाकलेल्या रॉडवर इंजिन सुरू होतं, आवाजही ठीक येतो. मग कधीतरी उड्डाणाच्या पूर्ण ताकदीवर तो तुटतो.

म्हणून आधी हाताने. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोंचे स्विच बंद, पेट्रोल-हवेच्या मिश्रणाची तरफ पूर्ण बंद, चाकांना ओट लावलेले, कॉकपिटमध्ये एक माणूस. पंख्याच्या वर्तुळाबाहेर पाय ठेवून एक पातं खाली ओढायचं, बाजूला व्हायचं, मग पुढचं. किती पाती? गणित बघा. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरचं एक चक्र पुरं व्हायला क्रँकचे दोन फेरे लागतात. या इंजिनाचा गिअर १६ ला ९ आहे, म्हणजे क्रँकचे १६ फेरे झाले की पंख्याचे ९. दोन फेऱ्यांना पंखा १.१२५ फेरा फिरतो. तीन पात्यांच्या हिशेबाने ३.३७५ पाती. म्हणजे किमान चार पाती ओढल्याशिवाय सर्व १४ सिलिंडरांची तपासणी होतच नाही. प्रत्यक्षात नऊ ते पंधरा ओढतात, तेवढंच तेलही फिरतं.

एक-दोन माणसांनीच ओढायचं. चौघांनी हातात हात गुंफून ओढलं तर अडथळा जाणवतच नाही, आणि सारा खटाटोप तो जाणवण्यासाठीच आहे. पातं दगडासारखं थांबलं, तर तिथेच थांबा. आणखी जोर लावू नका. सर्वांत मोठी चूक म्हणजे उलटं फिरवून ‘सोडवणं’. उलटं फिरवलं की तेल उघड्या इनटेक व्हॉल्व्हमधून वरच्या नळीत जातं, पंखा मोकळा वाटतो, आणि इंजिन सुरू होताच तेच तेल पुन्हा आत ओढलं जातं. उपाय एकच. खालच्या सिलिंडरांचे प्लग काढायचे, खाली बादली धरायची, तेल गळू द्यायचं, प्लग पुसून परत बसवायचे. एकूण २८ प्लग असतात, पण खालचेच काढावे लागतात. अर्धा तास जातो. इंजिन उतरवून दुरुस्तीला पाठवण्यापेक्षा तो स्वस्त.

पुढे स्टार्टरने फिरवतानाही मॅग्नेटो बंद ठेवून काही पाती मोजतात, मग स्विच ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही मॅग्नेटोंवर टाकतात, प्रायमर या छोट्या पंपाने पेट्रोल देतात, इंजिनाने पेट घेतला की मिश्रण उघडतात. निळसर धुराचा लोट येतो. बघणारे घाबरतात, पण तो जळणाऱ्या उरल्यासुरल्या तेलाचा असतो. ३० सेकंदांत तेलाचा दाब दिसला नाही तर बंद करायचं. दिसला तर हळू फिरवत तेल ४० अंशांपर्यंत तापू द्यायचं. आणि जमिनीवर चालवताना शेपटीच्या चाकाचं कुलूप उघडं आहे का ते पाहायचं. उड्डाण-अवतरणात ते लावलेलं हवं, कारण या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो आणि शेपूट पुढे यायला टपलेली असते. पण लावलेल्या कुलपानिशी वळण घेतलं की त्याची पिन तुटते. ती पिन तुटण्यासाठीच बनवलेली असते, नाहीतर चाकाची बैठक मोडेल.

डग्लसच्या पहिल्या प्रवासी विमानाची दोन्ही इंजिनं पहिल्याच उड्डाणात बंद पडली, हे खरं का? (सोलापूर)

खरं. १ जुलै १९३३, क्लोव्हर फील्ड, विमान डीसी-१, वैमानिक कार्ल कव्हर. विमान उठलं, नाक वर केलं की इंजिनं मरत, नाक खाली केलं की पुन्हा धरत. कव्हरने थोडं चढायचं, थोडं उतरायचं असं जिन्यासारखं करत पुरेशी उंची मिळवली आणि वळून सुखरूप उतरवलं.

दोष कार्बुरेटरच्या तरंगत्या गोळ्यात निघाला. त्याची बिजागरी अशा बाजूला होती की नाक वर झालं की गोळा कलंडून पेट्रोलची वाट बंद करी. जमिनीवर विमान स्थिर असताना सगळं ठीक, म्हणून चाचणीत कळलं नाही. कार्बुरेटर उलट फिरवून बसवले, झालं. दुचाकीच्या कार्बुरेटरचा फ्लोट अडकल्यावर काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको.

१९२४ मध्ये जगाला फेरी मारणारी अमेरिकी विमानं भारतातून गेली. त्यांचा या विमानतळाशी संबंध? (छत्रपती संभाजीनगर)

थेट. सिएटल, शिकागो, बोस्टन आणि न्यू ऑर्लिन्स या नावांची चारही विमानं डग्लसने बांधली, तेव्हा त्याचा कारखाना सांता मोनिकाच्या विलशायर रस्त्यावरच्या एका जुन्या सिनेस्टुडिओत होता. तयार विमान ओढत क्लोव्हर फील्डवर आणायचं आणि तिथून उडवायचं, अशी पद्धत. १७ मार्च १९२४ ला ती इथून निघाली. अधिकृत फेरी सिएटलहून ६ एप्रिलला सुरू झाली.

नौदलाच्या टॉर्पेडो विमानाचा सांगाडा घेऊन इंधनक्षमता ११५ गॅलनवरून ६४४ गॅलन केली. पण खरी कमाल मागच्या तयारीची: १५ जादा लिबर्टी इंजिनं आणि तरंगत्या पायांचे १४ जोड वाटेवर आधीच पाठवून ठेवले होते. कलकत्त्याला तरंगते पाय काढून चाकं बसवली, मग अलाहाबाद, अंबाला, मुलतान करत कराची. तिथे इंजिनं बदलली. मुंबई वाटेत नव्हती. अलास्कात सिएटल पडलं, अटलांटिकमध्ये बोस्टन बुडालं. शिकागो आणि न्यू ऑर्लिन्स यांनी १७५ दिवसांत फेरी पुरी केली. शिकागो आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

कारखान्यावर खोटं गाव उभारून तो लपवला होता म्हणे? (कोल्हापूर)

हो, पर्ल हार्बरनंतर. वॉर्नर ब्रदर्सच्या नेपथ्यकारांची मदत घेतली. सुमारे ४०० खांबांवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी ताणली, जवळजवळ ५० लाख चौरस फूट. वर तारेची आणि पिसांची झाडं, हलक्या लाकडाची घरं, रंगवलेले रस्ते. कडेची उंची अशी उतरवली की कारखान्याची छपरं बाजूच्या टेकडीत मिसळून जावीत. आपलेच वैमानिक धावपट्टी शोधत फिरल्याचे किस्से तेव्हाचे.

त्याच कारखान्यात ऐन युद्धात ४४,००० माणसं कामाला होती. त्यांच्यासाठी शेजारी सनसेट पार्कची वस्ती वाढली. पुढे १९५० च्या दशकात डग्लसने डीसी-८ जेटसाठी लांब धावपट्टी मागितली, तेव्हा वस्ती हलवायला शहर तयार झालं नाही. काम लाँग बीचला गेलं, १९७५ मध्ये कारखाना बंद. ‘विमानतळ आधी की घरं आधी’ हा वाद तिथे आजही रंगतो. खरं तर घरं विमानतळामुळेच आली.

आम्ही विमानतळाजवळ राहतो. जेट कमी झाली, म्हणजे शिशाची काळजी संपली ना? (लॉस एंजेलिस)

नाही, उलट आहे. जेटचं इंधन म्हणजे केरोसीन, त्यात शिसं नसतं. शिसं येतं ते छोट्या पिस्टन इंजिनांच्या १०० एलएल पेट्रोलमधून. ते निळं असतं आणि लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालतं. एलएल म्हणजे ‘कमी शिसं’, पण ते जुन्या विमान-पेट्रोलच्या तुलनेत कमी. जास्त दाबाच्या इंजिनात पेट्रोल वेळेआधी फुटू नये म्हणून ते घालतात. तसं फुटलं तर पिस्टनला भोक पडतं, आणि विमान रस्त्याकडेला लावता येत नाही.

हवेत शिसं सर्वांत जास्त सापडतं ते धावपट्टीच्या टोकाशी, जिथे उड्डाणाआधी इंजिन तपासतात. यात वैमानिकांचाही तोटा असतो. जमिनीवर दाट मिश्रणावर इंजिन चालवलं की खालच्या प्लगांत शिशाचे मणी जमतात, एका मॅग्नेटोवर टाकताच इंजिन थरथरतं. मग मिश्रण पातळ करून मिनिटभर जास्त फेऱ्यांवर ते जाळावं लागतं. जमिनीवर असताना आधीपासूनच मिश्रण पातळ ठेवलं तर ही वेळ येत नाही. शिसं नसलेलं १०० ऑक्टेन पेट्रोल वापरायला एफएएने २०२२ मध्ये मान्यता दिली, पण ते सगळीकडे पोचलेलं नाही. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतही १०० एलएलच चालतं. पूर्वी ते सगळं आयात व्हायचं, आता इंडियन ऑइल बडोद्याला बनवतं.

एवढ्या जवळ एलएएक्स, म्हणजे लॉस एंजेलिसचा मोठा विमानतळ, असताना छोटी विमानं दक्षिणेला जातात कशी? (डोंबिवली)

वरून, थेट एलएएक्सच्या डोक्यावरून. तिथे एक ठरलेली वाट आहे. सांता मोनिकाच्या व्हीओआर दिशादर्शकापासून १३२ अंशांची रेषा पकडायची. आग्नेयेला जाताना ३,५०० फूट, वायव्येला येताना ४,५०० फूट. वेग १४० नॉटच्या आत, दिवे चालू, ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रावर) १२०१, आणि अद्ययावत नकाशा जवळ हवाच. नियंत्रकाची परवानगी लागत नाही. सगळे रेडिओवर आपापली जागा सांगत जातात. जेटना या वाटेने बंदी. एलएएक्सची विमानं पूर्व-पश्चिम उतरतात-उठतात, त्यामुळे त्यांच्या पट्ट्यांच्या बरोबर वर ही उंची मोकळी असते. शिकाऊ मुलांना पहिल्यांदा घाम फुटतो.

मुलाकडे जाणार आहे, नातू आठ वर्षांचा. बंद होण्याआधी काय पाहावं? (सातारा)

दुपारनंतर जा. मे-जूनमध्ये सकाळी समुद्रावरून ढग येऊन बसतात आणि शिकाऊ विमानं जमिनीवरच राहतात. उत्तरेच्या ओशन पार्क रस्त्याने बिग ब्लू बसची ८ नंबरची गाडी जाते. बघण्याचा सज्जा मात्र दक्षिण बाजूला, विमानतळाच्या कार्यालयापाशी आहे. वारा बहुतेक समुद्राकडून, त्यामुळे विमानं धावपट्टीच्या २१ नंबरच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उठतात. सूर्य त्याच बाजूला, तेव्हा टोपी हवी.

दक्षिणेलाच म्युझियम ऑफ फ्लाइंग आहे. बाहेर खांबांवर ‘स्पिरिट ऑफ सांता मोनिका’ नावाचं डीसी-३ उभं आहे, आत जाण्याआधी नातवाला त्याच्या इंजिनाखाली उभं करून सिलिंडर मोजायला लावा, पुढच्या रांगेत सात. मागचे सात त्यांच्या फटींतून दिसतात. संग्रहालय रोज उघडं नसतं, वार आणि वेळ आधी बघून निघा. मुलाकडे वैमानिकांचं बोलणं ऐकवणारा एअरबँडचा रेडिओ असेल तर १२०.१ लावा, टॉवर ऐकू येईल. तिथे असं ऐकायला आडकाठी नाही. इथे मात्र सवय म्हणून तो रेडिओ बॅगेत घालून आणू नका, आपल्याकडे त्याला परवाना लागतो.